पोशीबाय आणि खारजाईची चाळण

मीठ पिकतं कसं, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का? आपण चिमूटभर घेतो, कालवणात टाकतो आणि विसरून जातो. पण खाडीकाठच्या खारवली गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. आणि ते सांगायला बसलं की पोशीबायचं नाव घेतल्याशिवाय तिथलं कुणी पुढे जात नाही.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आणि पलीकडच्या तीरावरचे पाहुणे लग्नाकार्यापुरतेच भेटायचे. खारवलीचं सगळं पोट मिठागरावर. खाडीच्या अंगाला मातीचा उंच बांध. बांधात पाणी आतबाहेर करायला लाकडी फळ्यांचं दार, त्याला म्हणायचे उघाडी. आणि आत घराघराचे चौकोनी वाफे. भरतीला उघाडी वर करायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उघाडी बंद करायची आणि मग काहीच करायचं नाही. तेच तर अवघड. ऊन पाणी आटवतं, वारा त्याला घट्ट करतो, वर दुधावर धरते तशी पातळ साय धरते आणि तळाशी खडा बसू लागतो. आठ-दहा दिवस त्या पाण्याला हात लावायचा नाही. लावला की खडा मोडला. मग रव्यासारखं बारीक, चिखलाने काळवंडलेलं मीठ पदरात पडतं.

गावाची देवी खारजाई. तिला देऊळ नव्हतं. बांधाच्या टोकाला, उघड्यावर, एक काळा सपाट दगड, तीच खारजाई. चैत्री पौर्णिमेला दुपारी प्रत्येक घराने त्याच दिवशी वाफ्यातून काढलेलं मीठ तिच्यापुढे न्यायचं, आणि गावाच्या म्होरक्याने ते बांबूच्या जुन्या चाळणीत ओतायचं. चाळणीत राहिलं ते देवीला पावलं. खाली पडलं ते नाही. आणि ज्या घराचं मीठ ओळीने तीन वर्षं चाळणीतून खाली पडेल, त्या घराचे वाफे गावाने परत घ्यायचे, असा नियम होता. नियम कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून तो मोडायचं धाडसही कुणाला नव्हतं.

त्या गावात पोशी सून म्हणून आली. हसरी, चपळ, हाताला उरक असलेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचा नवरा नवशा मिठाचा मचवा घेऊन बंदराला निघाला आणि खाडीच्या तोंडाशी मचवा उलटला. तो गेलाच. मागे राहिली पोशी, म्हातारा सासरा जोमा, आणि पाच वाफे.

तेव्हापासून पोशीचा हात थांबेना. पहाटे उठून सारवलेलं अंगण ती दुपारी पुन्हा सारवायची. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. हात चालू असला की बरं असायचं, हात थांबला की मन चालू व्हायचं, आणि मनात तर मचवा रोजच उलटत होता. मिठागरावर गेली की आठ दिवस नुसतं बघत बसणं तिला सोसेना. चौथ्या-पाचव्या दिवशीच ती लांब दांड्याचं लाकडी दाताळं घेऊन वाफ्यात उतरायची. वाटायचं, जरा ओढून बघू, बसलंय की नाही. बसत असलेलं मीठ तिथेच मोडायचं.

पहिल्या वर्षी तिचं सगळं मीठ चाळणीतून खाली पडलं. दुसऱ्या वर्षीही पडलं. तेव्हा गावाचा म्होरक्या काथोड नाईक चाळण झटकत एवढंच म्हणाला की पुढच्या चैत्राला बघू. काथोड वाईट माणूस नव्हता. पण चाळण हातात घेतली की तो कुणाचा काका-मामा राहायचा नाही. शेजारची चांगुणा मात्र पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, की पोशीच्या घरी मीठ दळायला जातं लागत नाही, तिचे हातच पुरे.

असं म्हणतात की त्याच वर्षी, दसरा झाल्यावर, एक म्हातारी जोगीण खारवलीत आली. हाडाचा सापळा, पाठ मात्र ताठ. अंगात ताप भरलेला. सगळ्या दारांवरून फिरत ती पोशीच्या दारात आली आणि खाली बसली ती उठलीच नाही. पोशीने तिला आत घेतलं. पंधरा दिवस पेज भरवली, काढे दिले, कपाळावर ओली चिंधी ठेवली. जोगीण बरी झाली तेव्हा उठून बसली आणि पोशीकडे टक लावून बघत राहिली. पोशी तेव्हा धुतलेलं मडकं पुन्हा घासत होती.

"हात तुझं ऐकत नाही, की तू त्याला थांब म्हणतच नाहीस?" जोगिणीने विचारलं.

पोशीने खाली बघूनच सांगितलं, "थांबले की आठवतं, आजी."

"मग आठवू दे की. आठवण आली तर बसायला पाट दे. आली तशी जाईल. तू दार लावून धरतेस म्हणून ती दारातच उभी राहते."

दुसऱ्या दिवसापासून जोगीण तिला पहाटे बांधावर नेऊ लागली. तिने काही मंत्र दिला नाही, की कानात काही सांगितलं नाही. पाठ सरळ ठेवून बसायला शिकवलं. खाडीकडे बोट दाखवून म्हणाली, भरती कशी येते बघ, तसा श्वास आत येऊ दे. पाणी पुरं चढलं की घटकाभर हलत नाही, तसा तोही क्षणभर थांबू दे. मग ओहोटीसारखा जाऊ दे. ओढायचा नाही, ढकलायचा नाही. मग तिने उगवत्या सूर्यासमोर वाकायला शिकवलं, कमरेतून, हळू, जमीन दिसेपर्यंत. एका पायावर उभं राहून हात डोक्यावर जोडायला शिकवलं. शेवटी मेल्यासारखं उताणं पडून राहायला शिकवलं, बोटंसुद्धा न हलवता. हे मात्र पोशीला सगळ्यांत जड गेलं. जोमा म्हातारा दारातून बघत असायचा. तो म्हणाला की हे शेवटचं तर मला कधीपासून येतं, रोज जेवल्यावर मी तेच करतो.

महिन्याभराने जोगीण आली तशी गेली. ती म्हणजे प्रत्यक्ष खारजाईच होती असं म्हणतात. जोमा तेवढं मानायचा नाही. देवी असती तर माझी घोंगडी घेऊन गेली नसती, असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला.

हंगाम सुरू झाला. पोशी रोज पहाटे बांधावर जायची, श्वास घ्यायची, सोडायची, वाकायची, एका पायावर उभी राहायची. चांगुणाने तिचं नाव बगळी ठेवलं. पोरंही बगळी म्हणू लागली. पहिल्यांदा पोशीला ते टोचलं. मग एक दिवस ती एका पायावर उभी असताना खरोखरचा बगळा येऊन चार हातांवर तसाच उभा राहिला, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिला हसू फुटलं. नवशा गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली. त्या दिवशी पाणवठ्यावर चांगुणाने पुन्हा बगळी म्हटलं, तेव्हा पोशी म्हणाली, "बगळी उपाशी राहत नाही गो. बघ तू."

पण सगळं असं सरळ झालं नाही. माघ महिन्यात एका दुपारी, वाफ्यांवर साय धरलेली असताना, खाडीत एक मचवा दिसला. शीड अगदी नवशाच्या मचव्यासारखं.  पोशी भानावर आली तेव्हा वाफ्यात घोटाभर पाण्यात उभी होती, हातात दाताळं होतं, आणि पाणी गढूळ झालं होतं. एक वाफा गेला.

ती घरी येऊन भिंतीशी बसली. म्हणाली, इतके महिने पहाटे उठले, वाकले, श्वास घेतला, काय उपयोग झाला? उद्यापासून जायची नाही.

जोमा जाळं विणत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "किती वाफे ढवळलेस?"

"एक."

"गेल्या साली किती ढवळले होतेस?"

 गेल्या साली पाचही ढवळले होते.

"मग चार राहिले की," जोमा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जणू जाळ्यालाच सांगतोय असं म्हणाला, "तू मिठासाठी श्वास घेतेस होय? मी तर आपला जगायला घेतो."

पोशीला त्या रात्री त्याचं बोलणं आठवत आठवत झोप लागली. पहाटे ती बांधावर गेली ती काही मागायला गेली नाही. नुसती बसली. मचवा मनात आला. तिने त्याला पाट दिला. नवशा आला, हसला, त्याचे ओले केस दिसले. ती रडली. मग पाणी पुरं चढलं, घटकाभर थांबलं आणि उतरायला लागलं.

त्यानंतरचे दिवस पोशीला फार वेगळे वाटू लागले. खरं तर काहीच बदललं नव्हतं. तीच पेज, तेच सुकट, तेच ऊन. पण भाकरी तव्यावर फुगताना तिला दिसू लागली. अंगण एकदाच सारवून ती जोत्यावर टेकू लागली. वाफ्याच्या कडेला बसली की मीठ बसताना बारीक कुरकुर ऐकू येते, ती तिला ऐकू येऊ लागली. गावातल्या कुणालाच ती कधी ऐकू आली नव्हती, असं म्हणतात. खडा बसेपर्यंत दाताळं कुडाच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. त्यावर कोळ्याने जाळं विणलं.

आणि चैत्र आला तेव्हा पोशीच्या चार वाफ्यांत हरभऱ्याएवढा खडा होता. पांढरा शुभ्र. लोक बांधावरून वाकून वाकून बघून जात. काथोड नाईकही एकदा थांबून बघून गेला, जाताना मिशीला हात लावून गेला.

चैत्री पौर्णिमा उजाडली. दुपारी देवीपुढे मीठ न्यायचं, म्हणून घराघरांतून टोपल्या धुऊन ठेवल्या होत्या. पौर्णिमेची भरती भर दुपारी चढते. त्या दिवशी वाराही खाडीकडूनच सुटला. पाणी चढलं, चढतच राहिलं, बांधाच्या माथ्याला लागलं. माणसं धावली, मातीची ढेकळं टाकू लागली. पण जुन्या करंजाच्या मुळाशी बांध खचला आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. खाडी आत आली. वाफे, वाफ्यांमधल्या वाटा, काठावर रचलेल्या राशी, सगळं एकच पाणी झालं. घटकेभरात खारवलीचं वर्षाचं मीठ जिथून आलं होतं तिथे गेलं.

लोक उंच बांधावर उभे राहून बघत होते. कुणी मोठमोठ्याने रडत होतं. कुणी म्हणालं, उद्याच बंदराला हमालीला निघू, इथे राहून काय खायचं. चांगुणा पदर तोंडात धरून उभी होती.

पोशीला आपले चार वाफे जिथे होते तिथे नुसतं तपकिरी पाणी दिसलं. हात शिवशिवले. कुठेतरी धावावं, काहीतरी उपसावं, ओढावं, असं झालं. मचवा उलटला तेव्हाचं तेच सगळं उठून आलं. ती खाली बसली. पाठ सरळ केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. श्वास आत घेतला. थांबू दिला. सोडला.

लोकांना वाटलं हिचं डोकं फिरलं. चांगुणा तिला उठवायला आली, खांद्याला हात लावला, आणि काय झालं कोण जाणे, शेजारीच बसली. मग तिच्याजवळ तिची लेक बसली. मग जोमा आला, गुडघे मोडत कुरकुरत बसला. असं करत करत सगळा गाव बांधावर बसला, रडायचा थांबला, आणि पोशीच्या श्वासाबरोबर श्वास घेऊ लागला. असं म्हणतात की गावाने एकदा श्वास सोडला की पाणी हातभर उतरायचं, पुन्हा सोडला की पुन्हा हातभर. ओहोटीची वेळच झाली होती, म्हणून उतरलं, असं म्हणणारेही आहेत. पण पाणी उतरलं हे दोघांनाही मान्य आहे.

खांड उघडी पडायला अजून वेळ होता. काथोड नाईक उठला. म्हणाला की देवीला वर्षाची भेट चुकवता येत नाही, जे असेल ते घेऊन चला. पण कुणाकडेच काही नव्हतं. सगळे रिकाम्या टोपल्या घेऊन काळ्या दगडापुढे उभे राहिले. दगड चैत्राच्या उन्हाने तव्यासारखा तापला होता. काथोड सवयीने चाळण हातात धरून उभा होता, आणि आपण चाळण का धरली आहे हे त्यालाच कळत नव्हतं.

पोशी पुढे आली. बांधावरून खाली वाकून तिने खाडीचं ओंजळभर पाणी घेतलं आणि म्हणाली, "मीठ यातच आहे, नाईक." आणि तिने ते चाळणीत ओतलं.

पाणी अर्थातच सगळं खाली पडलं. दगडावर चर्र झालं.

कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना. काथोडचा चेहरा उतरला होता, पण चाळण त्याच्याच हातात होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोशी, तिसऱ्या वर्षीही खाली पडलं गो."

पोशीने चाळणीकडे पाहिलं, मग आपल्या वाफ्यांकडे पाहिलं. आपण आता ओरडू, असं तिला वाटलं होतं. पण आत पाणी थांबलेलं होतं.

"घ्या वाफे, नाईक," ती म्हणाली. "पण आधी खांड बुजवू या. पाणी उतरत आलंय, आणि मध्यरात्री पुन्हा भरती आहे."

एवढं बोलून तिने रिकामी टोपली उचलली आणि मातीसाठी निघाली. तिचे वाफे आता तिचे नव्हते, आणि खांड पडली होती सगळ्यांची. लोक बघत राहिले. मग चांगुणाने ओंजळ भरून आणली, चाळणीत ओतली, म्हणाली की हे माझंही पडलं, आणि पोशीच्या मागे गेली. एकामागून एक सगळ्या घरांनी ओंजळ ओतली आणि टोपली उचलली. शेवटी काथोडने स्वतःच्या घराची ओंजळ ओतली, चाळण दगडाला टेकवून ठेवली आणि मुंडासं कमरेला बांधून तोही चिखलात उतरला.

सूर्य कलेपर्यंत सगळा गाव माती वाहत होता. खांड बुजली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली माणसं परत येताना खारजाईच्या पाया पडायला थांबली, आणि सगळ्यांत पुढे असलेला काथोड जागीच थबकला.

दगडावरचं पाणी आटलं होतं. आणि जिथे सगळ्यांच्या ओंजळी पडल्या होत्या तिथे एकच खडा होता. कुणी म्हणतं आवळ्याएवढा, कुणी म्हणतं मुठीएवढा. पांढरा, आठही कोपरे धारदार, मावळतीच्या उजेडात आतून तांबूस.

काथोडने तो दोन्ही हातांनी उचलला आणि चाळणीत ठेवला. चाळण हलवली. पुन्हा हलवली.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

ओंजळी सगळ्यांच्याच पडल्या होत्या.  मग पोशी म्हणाली, "खाडीचा."

 काथोड गावाकडे वळून म्हणाला की चाळणीत राहिला, सगळ्यांनी बघितलंय. पोशीचे वाफे पोशीकडेच राहिले, आणि त्या दिवसानंतर खारवलीत कुणाचेही वाफे कधी परत घेतले गेले नाहीत.

पोशी पुढे खूप जगली. तिची पोशीबाय झाली. पंचक्रोशीतून माणसं तिच्याकडे यायची, कुणाला झोप यायची नाही, कुणाचं घरात पटायचं नाही, कुणाचं कुणी गेलेलं असायचं. ती आधी पेज द्यायची. मग वाफ्याच्या कडेला बसवायची आणि कुरकुर ऐकू येते का विचारायची. ऐकू आली नाही तर उद्या ये म्हणायची. ती गेली ती बसल्या बसल्या, भरती पुरी चढलेली असताना. असं म्हणतात की त्या दिवशी खाडी अर्धा प्रहर उतरलीच नाही.

आजही खारवलीत चैत्री पौर्णिमेला भर दुपारी सगळा गाव बांधावर बसतो. शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, नव्या सुना, बाहेरगावी नोकरीला गेलेली आणि तेवढ्यासाठी परत आलेली. पाणी चढतं तसा श्वास घ्यायचा, पुरं चढून थांबतं तसा थांबू द्यायचा, उतरतं तसा सोडायचा. कुणी बोलत नाही. मग एकेका घराने खाडीची ओंजळ त्या जुन्या चाळणीतून दगडावर सोडायची. बांबू दर काही वर्षांनी बदलतात, चाळण तीच म्हणतात. देवीला मीठ वाहायची चाल बंद झाली. आणि हंगामात खडा बसेपर्यंत प्रत्येक घर आपलं दाताळं कुडाला टेकवून ठेवतं. त्यावर कोळ्याने जाळं विणलं तर ते कुणी झाडत नाही.

गोष्ट इथवर आली की एखादं पोर हमखास विचारतं, पण त्या वर्षी मीठ तर वाहूनच गेलं होतं, मग पुढे काय झालं? पावसाला अजून दीड महिना होता, आणि पुढे काही मोठं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोशीने उघाडी वर केली, गढूळ पाणी ओहोटीबरोबर खाडीत जाऊ दिलं, आणि भरती लागल्यावर नवं पाणी वाफ्यात घेतलं.